धरणारा गडी

मुका नावाचा बैल जन्मल्यापासून एकदाही हंबरला नाही.

०

पोलंडमधल्या एका लहान गावात रविवारी दुपारी सगळी दुकानं बंद असतात. तिखट मागितलं तर मिऱ्याची पूड देतात.

०

बंदीच्या वर्षांत घाटावर बाभळी उगवल्या. कुणीतरी तिथे कांद्याची आरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावली.

०

सुका नारळ कानाशी धरून हलवला आणि आत गुडगुडलं, तर समजावं, खोबरं करवंटीपासून सुटलंय.

०

फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याला खेटून, चपलांचा जोड.

०

अमेरिकन फुटबॉलच्या संघात पाच गडी असे असतात, की मधला एक सोडला तर सगळं आयुष्य खेळूनही त्यांनी चेंडूला हात लावला नाही तर कुणी त्यांना नावं ठेवत नाही.

०

सुदर्शन औटी त्या पाचांतला. राहणार राजुरी. संपतचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे वयानं, अंगानं त्याच्यात दोन संपत सहज मावले असते. घरातल्या दारातून तो तिरका होऊन आत यायचा.

औट्यांच्या घरी गाडा होता. गाडा म्हणजे शर्यतीचा. चार बैल, दोन पुढे, दोन मागे, त्यांच्यामागे हलका लाकडी सांगाडा. त्यावर माणूस नसतो. घाट म्हणजे चढाची धावपट्टी, तिच्यावरून बैलांनी आपल्या मनानं पळायचं. पुढे वाट दाखवायला एक घोडी. आणि झेंडा पडेपर्यंत ही चार जनावरं जागेवर थोपवून धरायला त्यांच्या तोंडाशी, घाटाकडे पाठ करून, माणसं उभी राहतात. झेंडा पडला की सोडायचं आणि बाजूला व्हायचं, एका दमात. सोडायला उशीर केला तर बारी, म्हणजे आपल्या पाळीची धाव, गेली. बाजूला व्हायला उशीर केला तर माणूस गेला.

मिसरूड फुटायच्या आधीपासून सुदर्शन हे काम करत होता. दुसऱ्या कुणी वेसण धरली तर बैल पाय आपटत, फेस गाळत. हा समोर उभा राहिला की त्यांची नजर खाली यायची. तो काही बोलायचा नाही, चुचकारायचा नाही. नुसता उभा राहायचा. आंबेगावापासून आण्याच्या पठारापर्यंत गाडेवाले यात्रेच्या आधी निरोप धाडत, की तुमचा धाकटा आमच्या बारीला मिळंल का. संपतची छाती तेव्हा कशी फुगायची ते त्याचं त्याला ठाऊक.

मग शर्यतींवर बंदी आली. बैल विकले गेले किंवा औताला लागले. धरायला काही उरलं नाही.

०

सुदर्शन पोलीस भरतीच्या मागं लागला आणि धावण्यात नापास झाला. त्याच सुमाराला पुण्यात कुणा हौशी माणसांनी अमेरिकन फुटबॉलची लीग काढली होती. त्यांची माणसं मंचरच्या एका तालमीत आली. त्यांना जाड पोरं हवी होती, नुसती जाड नव्हे, पायात जोर असलेली. सुदर्शनला एका पैलवानासमोर उभं केलं आणि सांगितलं, तुझ्या पाठीमागे एक माणूस आहे, या पैलवानाला त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. पैलवान दमला, चिडला, शेवटी हसत खाली बसला. गेला नाही.

ती लीग दोन हंगामांत बसली, पत्त्याच्या बंगल्यासारखी. पण तिच्यासाठी आलेल्या एका गोऱ्या प्रशिक्षकानं सुदर्शनला ध्यानात ठेवलं. त्याने आधी पोलंडला आणि मग जर्मनीला त्याची सोय लावली. तिथे हा खेळ नोकरीसारखा खेळतात. राहायला खोली, जेवायला दोन वेळ, महिन्याच्या महिन्याला पगार.

गावात सांगताना संपतची पंचाईत व्हायची. भाऊ काय करतो?

फुटबॉल खेळतो.

गोल किती केले?

मग जुन्नरचा चांद मदतीला यायचा. चांद इनामदार म्हणजे घाटातला नावाजलेला घोडीवाला. बंदीच्या काळात तो लग्नाच्या वरातीत घोडी नाचवून दिवस काढत होता, आणि दूध घालायला आलेल्या माणसांची थट्टा करायला राजुरीच्या डेअरीच्या ओट्यावर हमखास सापडायचा. पहिला सामना मोबाईलवर दिसला तो त्याच ओट्यावर. सात-आठ डोकी एका मोबाईलवर वाकलेली. कॅमेरा चेंडूच्या मागं पळत होता आणि सगळे गडी डोक्यात मडकी घातल्यासारखे एकसारखे दिसत होते.

"संपतशेठ, तुमचा कंचा?" चांदने विचारलं.

"त्यो बघ. आडवा पडलाय त्यो."

"आडवाच पडायचं तर इथं काय जागा नव्हती व्हय राव?"

हसले सगळे. संपतही हसला. पण पुढे तो शिकला. फोनवर विचारून विचारून त्याने खेळ आपल्यापुरता लावून घेतला. एक फेकणारा असतो; संपत त्याला फेक्या म्हणायचा. सगळा खेळ त्या फेक्यावर. त्याच्यापुढे पाच जणांची भिंत, आणि भिंतीच्या डाव्या टोकाला सुदर्शन. फेक्या उजव्या हाताने फेकतो, तेव्हा त्याची पाठ डावीकडे वळते. त्या बाजूने येणारा त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टोकाला सगळ्यात भरवशाचा गडी ठेवतात. चेंडू उचलला की डावा पाय मागे, बूड खाली, हात पुढे, तळवे उघडे. मग समोरचा येऊन धडकतो. डोक्याला डोकं लागतं. शिट्टी वाजते. पुन्हा उभं राहायचं.

समोरच्याला कपड्याला धरलं तर मात्र दंड. सुदर्शनचं नाव पुकारलं जायचं ते एवढ्याच एका वेळी.

चांद म्हणाला होता, आपल्याकडं ज्या कामासाठी फेटा बांधत्यात, त्याच कामाला तिकडं शिट्टी मारत्यात, म्हंजे गोरं लोक येडंच.

हळूहळू ओटा रिकामा झाला, कारण चेंडू बघायचा म्हटलं तरी बघणाऱ्याला कळत नव्हता. संपत एकटाच बघत राहिला. तो चेंडूकडे बघायचाच नाही. पडद्याच्या डाव्या कडेला त्याची नजर. भाऊ उभा राहिला, भाऊ धडकला, भाऊ पडला, भाऊ उठला. कोण जिंकलं ते त्याला फोन केल्यावर कळायचं.

"लागलं का?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"न्हाई रं भाऊ. रोजचंच."

०

रोजचंच.

पुण्याच्या डॉक्टरांनी पुढे विचारलं, की मोठा मार कधी लागला होता? बेशुद्ध कधी पडले होते? वृषाली, सुदर्शनची बायको, म्हणाली, कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, तेच तर. मोठा मार एकदा लागतो, माणूस घाबरतो, थांबतो. यांचा मार लहान होता आणि तो थांबलाच नाही. त्यांनी टेबलावर मूठ ठेवून दुसऱ्या हाताने ती झाकली आणि हलवून दाखवलं. संपतला घरातला सुका नारळ आठवला.

पण हे नंतरचं.

०

मधल्या एका हंगामाबद्दल संपत फोनवर अर्धंच ऐकत होता, कारण त्या वेळी मोटार जळाली होती आणि ऊस सुकत होता. जर्मनीतल्या संघात नवा गडी आला, नावाजलेला, तोही डाव्या टोकाचा. मग सुदर्शनला उजव्या टोकाला हलवलं. तिथे सगळं उलटं. उजवा पाय मागे पडायला हवा. दिवसभर सराव केला तर पडायचा. सामन्यात समोरून आरडाओरडा झाला, की डोकं बाजूला राहायचं आणि पाय आपल्या जुन्या वाटेने जायचा, डावा, मागे, आतल्या बाजूला. एकदा त्याच्या उजव्या अंगाने कुणीतरी मोकळा आत घुसला आणि फेक्याचा खांदा निखळला. प्रशिक्षकाने त्याला परत डावीकडे नेलं. वृषाली त्या वर्षी तिथेच होती. ती स्टँडमध्ये बसून हे बघत होती.

संपतला फोनवर एवढंच कळलं, की जागा बदलली होती, जमली नाही, परत पहिल्या जागी आलो. बरं झालं, म्हणाला संपत. मोटार कधी मिळेल म्हणून तो दुसऱ्याच काळजीत होता.

०

शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी सुदर्शन कायमचा घरी आला.

तिकडच्या संघाने त्याला नवा करार दिला नव्हता. कारण सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. वृषालीला आळेफाट्याला एका लॅबमध्ये काम मिळालं. रक्त तपासायचं तिचं शिक्षण होतं. ती सकाळी जायची, दिवेलागणीला यायची. तो घरी.

पहिल्यांदा वाटलं, आळस आहे. मग वाटलं, तिकडची सवय मोडत नाही. दुपारी ऊन सहन होईना म्हणून तो गोठ्यात पाठमोरा बसायचा. बोलताना मधला शब्द हरवायचा आणि तो हाताने हवेत चाचपडत राहायचा, खिशातली किल्ली शोधावी तसा. चपला फ्रीजमध्ये ठेवल्या आणि अर्धा दिवस अनवाणी फिरून सगळ्यांना विचारत राहिला. एकदा चहात साखर कमी पडली म्हणून त्याने संपतची गचांडी धरून त्याला भिंतीला टेकवलं. पाय जमिनीवरून सुटले होते संपतचे. मग सुदर्शनने त्याला अलगद खाली ठेवलं, कोपऱ्यात जाऊन बसला आणि रडला. संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. संपतच्या गळ्यावरचा लाल वण बघून म्हणाला, काय चावलं का रं?

एक गोष्ट मात्र तो विसरत नव्हता. सकाळी खळ्यात उभा राहायचा. डावा पाय मागे, बूड खाली, हात पुढे, तळवे उघडे. पुन्हा. पुन्हा. शेळ्या रवंथ करत त्याच्याकडे बघायच्या.

डॉक्टरांकडून परतताना वाटेत तिघं रसाला थांबले. सुदर्शन गाडीतच झोपला होता. वृषाली ग्लास हातात धरून उभी राहिली, प्यायली नाही.

"भाऊजी, डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलंत. आणखी एक मार, लहानसुद्धा, आणि काय होईल ते सांगता येणार नाही. मी दिवसभर घरी नसते. त्याला घाटापासून लांब ठेवा. दुसरं काही मागत नाही तुमच्याकडं."

संपत म्हणाला, माझ्यावर सोड. आणि त्या क्षणी तो मनापासून म्हणाला होता.

०

आता वजीर आणि मुका.

शर्यती सुरू झाल्यावर संपतने पुन्हा गाडा उभा केला. पुढच्या जोडीला वजीर आणि मुका. वजीर म्हणजे पेटती मशाल. जवळ गेलेल्या दोघांच्या बरगड्या त्याने मोडल्या होत्या. मुका उलट. लोण्यासारखा. पळायला वाऱ्यासारखा, पण झेंडा पडेपर्यंत देवळातल्या नंदीसारखा स्थिर. गाड्याकडे तोंड करून उभं राहिलं की वजीर डाव्या हाताला येई, मुका उजव्या हाताला.

सरावाला बैल बाहेर काढले त्या दिवशी संपत पाणी प्यायला वळला, आणि परत बघतो तर सुदर्शन वजीरच्या तोंडाशी उभा. एक हात वेसणीला, एक हात कपाळावर. वजीरने मान खाली घातली होती. पण संपतने बघितलं ते वेगळंच. त्याच्या भावाचा चेहरा. महिन्यांमागून महिने त्या चेहऱ्यावर जे साचलं होतं ते उतरलं होतं. सुदर्शन म्हणाला, याचा बाप खेडच्या शिरपा गाडेवाल्याचा ना, कानात तसाच भोवरा हाय. शब्द एकही हरवला नाही. त्या रात्री तो जेवला, गाढ झोपला, सकाळी वृषालीला डबा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात पाठमोरा.

मग संपत त्याला चार-आठ दिवसांनी बैलांपाशी न्यायला लागला. नुसतं हात फिरवायला. वृषालीला सांगितलं नाही. औषधासारखंच हाय, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि खोटं नव्हतं ते. बैलांपाशी असला की सुदर्शन सुदर्शन असायचा. तिथून हलला की कुणीतरी दुसरंच त्याचे कपडे घालून घरात फिरायचं.

चैत्रातल्या यात्रा लागल्या. कळंबच्या पलीकडल्या एका वाडीतून बारीचं निमंत्रण आलं. सुदर्शनने ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी धार काढणाऱ्या संपतच्या शेजारी येऊन उकिडवा बसला. एवढ्या मोठ्या माणसाला उकिडवं बसताना त्रास व्हायचा, तरी बसला.

"भाऊ, एकदा धरू दे."

संपत बादलीकडे बघत राहिला.

"आयुष्यभर मी दुसऱ्यासाठी अडवत आलो. कुणाला ते नावबी ठावं न्हाई मला आता. आपला गाडा एकदा धरू दे. सोडायचंच तर हाय."

संपतला न्हाई म्हणता आलं असतं. त्याने म्हणायला तोंड उघडलंही. पण शेजारी बसलेला माणूस त्याच्याकडे बघत होता, आणि तो सुदर्शनच होता, दुसरा कुणी नव्हता. किती दिवस राहील ते ठाऊक नव्हतं.

०

मग संपतने जे ठरवलं ते कुठल्याही जाणत्या गाडेवाल्याने ठरवलं असतं.

त्याने विचार केला, धोका कशाचा? वजीरचा. वजीर डोकं उडवतो. म्हणजे डावी बाजू, जी सुदर्शनची कायमची बाजू, तीच धोक्याची. मुक्याची बाजू बिनघोर. मुका तर झेंडा पडेपर्यंत पापणी हलवत नाही. उजवीकडच्या गड्याने काय करायचं? सोडायचं, उजवीकडे एक पाऊल टाकायचं, झालं. त्याने भागूला, आपल्या चुलतभावाला, वजीरकडे लावलं आणि सुदर्शनला मुक्याकडे. गाडेवाल्या दोस्तांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. मुक्याकडं तर पोरगंबी उभं राहील, असंच म्हणाले.

चांदलाही ते पटलं. म्हणाला, झ्याक केलंस, उगाच वजीरच्या तोंडी कशाला.

यात्रेच्या दिवशी वृषालीला सुट्टी नव्हती. निघताना तिने विचारलं, हा कुठं बसणार?

"मंडपात. पावण्यांबरोबर. फेटा बांधणार हाईत त्याला."

"मंडपातच ना, भाऊजी?"

"मंडपातच."

फेटा बांधला हे खरं. सुदर्शनने डोकं लहान मुलासारखं खाली केलं होतं.

०

लाऊडस्पीकरवरून जे ऐकू आलं ते असं.

"...आता पुढची बारी राजुरीकर संपतशेठ औटी यांची, पुढच्या जोडीला वजीर आणि मुका, घोडी चांदभाई इनामदारांची, आणि मंडळी, आज बैल धरायला कोण उभा हाय बघा, परदेशात खेळून आलेला आपला सुदर्शन, टाळ्या झाल्या पायजेत, भंडारा जरा आवरा, बैलांच्या डोळ्यात जातोय, घोडी पुढं, घोडी पुढं घ्या, झेंडेवाले तयार, आणि गाडा सुटला, भिर्रर्र, बघा बघा बघा, काय पळतोय वजीर, घोडीला गाठतोय, काय ही बारी मंडळी, असा गाडा या घाटानं वरीसभर बघितला न्हाई, घाटातली माणसं बाजूला व्हा, अहो ते पडलंय काय तिथं, कोण पडलंय, डॉक्टर, डॉक्टर कुठंयत..."

०

चांदने काय पाहिलं: काहीच नाही. त्याचं तोंड घाटाच्या माथ्याकडे होतं. पाठीमागे ओरडा झाला, त्याने घोडीला टाच मारली.

भागूने काय पाहिलं: झेंडा पडला, त्याने वजीरला सोडलं आणि डावीकडे उडी घेतली. उठून बघितलं तेव्हा गाडा वर पोचला होता.

संपतने काय पाहिलं: झेंडा. इतकी वर्षं पडद्यावर तो नुसता भावाकडे बघत आला, आणि आज, दहा पावलांवर उभा असताना, तो झेंड्याकडे बघत होता. बारी चांगली जायला हवी होती.

०

गाडा पहिल्या नंबरात आला. झेंडा पडल्यावर पळालेली बारी मोजली जाते, मागे काय झालं त्याचा तिच्याशी संबंध नाही. घाटाचा रिवाज तसा आहे. दुसऱ्या दिवशी वाडीचे लोक बक्षिसाची ढाल घेऊन राजुरीला आले, ती दारात ठेवली आणि चहा न घेता, हात जोडून गेले. मुक्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने वैरण खाल्ली.

सुदर्शनला मंचरला नेईपर्यंत श्वास चालू होता. पुण्याला हलवलं. राजगुरुनगरच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती, तिथे तो थांबला. संपतच्या मांडीवर डोकं होतं. फेटा कुणीतरी सोडून बाजूला ठेवला होता. वृषालीला फोन करायचा होता. शेवटी चांदने केला.

०

दहाव्याच्या आधी चांद राजुरीला आला. ओसरीवर बसला. त्याच्याकडे एक व्हिडिओ होता. घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणा पोराने काढलेला, फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलेला. दाखवू का नको, असं त्याने विचारलं. संपतने हात पुढे केला.

झेंडा पडतो. भागू डावीकडे जातो. सुदर्शन मुक्याची वेसण सोडतो, अगदी वेळेवर, क्षणाचाही उशीर नाही. मग तो बाजूला होत नाही. डावा पाय मागे. बूड खाली. हात पुढे, तळवे उघडे. दोन बैलांच्या बरोबर मधोमध, जुवासमोर, तो पाय रोवून उभा राहतो. मग धूळ.

संपतने तो पुन्हा लावला. मग पुन्हा.

चांद खाली बघत बोलत होता. वृषाली दारात येऊन उभी राहिलेली त्याने बघितली आणि तो तिच्याकडे वळला.

"वैनी, त्याला बाजूला व्हायचं ठावं व्हतं. लहानपणापासून ठावं व्हतं. त्यो झाला न्हाई. मागं मी व्हतो, घोडी व्हती. घोडी त्या दिवशी अडून बसली व्हती जराशी. मला वाटतं त्यानं बघितलं आसंल. त्यानं आमाला पाठीशी घातलं, वैनी. मी जल्मभर इसरणार न्हाई."

संपतला ते घट्ट धरावंसं वाटलं. बुडत्याला काडी मिळावी तसं. भावाने जाणून केलं. कुणासाठी तरी केलं. असं असेल तर सगळं निराळं होतं. यात्रा निराळी, फेटा निराळा, आपण निराळे. त्याने वर बघितलं.

वृषालीने मोबाईल मागितला. उभ्या उभ्या एकदाच बघितला. मग तो चांदच्या हातात परत दिला.

"तो कुणाला वाचवत नव्हता, चांदभाई. तुमची घोडी त्याला दिसलीसुद्धा नसेल. ओरडा झाला की त्याचा डावाच पाय मागं पडतो. डावीकडं उभा असता तर बाहेर पडला असता." ती थांबली. "याला उजवीकडं कुणी उभं केलं?"

गोठ्यात कुणीतरी बादली सरकवली.

"मी," संपत म्हणाला. "मुका शांत हाय म्हून."

तिने मान हलवली, जणू हिशेब आधीच लागला होता आणि फक्त उत्तर ताडून बघायचं होतं. रागावली असती तर संपतला बरं वाटलं असतं. मंडपाबद्दल ती बोलेल म्हणून तो वाट बघत होता. मंडपाचं नाव तिने काढलं नाही.

"भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं मोबाईलवर त्याला बघत होता ना?"

"व्हय."

"पडद्याच्या कुठल्या बाजूला बघत होता?"

चांद दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला काही उमगलं नव्हतं, आणि उमगावं असं त्याला वाटतही नव्हतं. त्याने टोपी उचलली, वहिनी येतो, म्हणाला, आणि चपला पायात नीट न घालताच अंगणात उतरला. वृषाली आत गेली. संपत ओसरीवर बसून राहिला. बसल्या जागी त्याने पाय पुढे घेतले आणि बघितलं, आधी एक, मग दुसरा, जणू आपला कुठला पडतो ते त्याला पहिल्यांदाच बघायचं होतं.

सुदर्शन डावखुरा जन्मला होता. तो पहिलीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात संपतने त्याला उजव्या हाताने जेवायला शिकवलं. हात बदलला, पाय डावाच राहिला.